वाचनालयाची नवी इमारत: शैलीचा वाद आणि दुपारी चारचं ऊन

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असेल तर तुम्हाला लगेच कळेल. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, शंभरी ओलांडलेलं नगर वाचनालय. पेठेतली जुनी इमारत रस्ता रुंदीकरणात जाणार आणि बदल्यात गावाच्या कडेला दहा गुंठे जागा मिळाली आहे. ग्रंथसंख्या तीस हजारांच्या घरात. कार्यकारिणीत तीन तट पडलेत. जुनी मंडळी म्हणतात, संस्था जुनी आहे, इमारत ‘हेमाडपंथी’ दिसायला हवी, दगड हवा, कमानी हव्यात. मोठ्या देणगीदारांना पुण्यातल्या आयटी कंपनीसारखी काचेची इमारत हवी आहे. अभ्यासिकेतल्या मुलांचं म्हणणं, दिसू द्या कशीही, एसी आणि चार्जिंगचे प्लग द्या. कार्यवाह या नात्याने तुम्ही विचारताय, शैली कोणती निवडावी.

मी सत्तावीस वर्षं वास्तुविशारद म्हणून काम करतोय, बहुतेक तालुक्याच्याच गावांत. वाचनालयं आणि अभ्यासिका मिळून पाच केल्या, दोन दुसऱ्यांच्या दुरुस्त केल्या. त्या जोरावर एवढं सांगू शकतो की तुमच्या कार्यकारिणीतला वाद शैलीचा नाहीच. इमारत कुणासाठी, हा वाद आहे. जुन्या मंडळींना संस्थेचा मान दिसायला हवा आहे, देणगीदारांना आपण दिलेले पैसे दिसायला हवेत, आणि मुलांना तिथे दिवसाचे बारा तास बसायचं आहे. पहिले दोन पक्ष इमारतीकडे रस्त्यावरून बघतात, तिसरा आतून. मी कुणाच्या बाजूने आहे हे लपवत नाही, पण पहिल्या दोघांचंही काही चुकलेलं नाही. शंभर वर्षांची संस्था पत्र्याच्या गोडाऊनसारखी दिसू नये, हे मलाही पटतं.

आधी ‘हेमाडपंथी’ या शब्दाचा गुंता सोडवू, कारण प्रत्येक बैठकीत तो येतो. हेमाडपंथी बांधकाम म्हणजे घडीव दगडावर घडीव दगड, मधे चुना नाही. वजन आणि खाचा यांवर सगळं तोललेलं. त्यात खांब असतात, तुळया असतात; कमान नसते. म्हणजे हेमाडपंथी कमान मागणारे सभासद दोन वेगवेगळ्या काळांतल्या गोष्टी एकत्र मागत असतात. प्रत्यक्षात ठेकेदार काय देतो? आरसीसीच्या सांगाड्याला वीस मिलिमीटरची काळ्या दगडाची फरशी चिकटवतो आणि दारावर पीओपीची महिरप लावतो. पाच-सात पावसाळ्यांनी फरशीचे तुकडे सुटायला लागतात आणि खाली सायकल लावणाऱ्याच्या डोक्यावर पडतात. खरं दगडकाम करायचं असेल तर मी आनंदाने करीन. पण घडीव काम करणारे पाथरवट आता किती उरलेत आणि दिवसाची मजुरी किती, हे आधी विचारून घ्या.

मग मुंबईची उदाहरणं निघतात. “एशियाटिकसारखे खांब”, “राजाबाई टॉवरसारखं काहीतरी”. या इमारती मलाही आवडतात, म्हणून नीट बघून ठेवल्यात. एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय जिथे आहे तो टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. ग्रीक धाटणीचे डोरिक खांब आणि समोर तीस पायऱ्या. त्या पायऱ्या वाचकासाठी केलेल्या नाहीत, वर पोचणारा कोण आणि खाली उभा राहणारा कोण हे दाखवायला केल्यात. तुमच्याकडे सकाळी सातला पेपर वाचायला येणाऱ्या सत्तरीतल्या माणसाच्या गुडघ्यांना त्या परवडणार नाहीत. राजाबाई टॉवर आणि मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय १८७८ चं. ते आखणाऱ्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत पाऊलही ठेवलं नव्हतं, लंडनमध्ये बसून नकाशे पाठवले. तरी इमारत मुंबईच्या हवेत चालते, कारण गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या युरोपीय कपड्याखाली उघडे व्हरांडे आहेत आणि छत उंच आहे. काळा घोड्याचं डेव्हिड ससून ग्रंथालय १८७० चं, व्हेनेशियन गॉथिक, पिवळसर मालाड दगडातलं. तिथे गेलात तर कमानी मोजत बसू नका. वरच्या व्हरांड्यातल्या लांब खुर्च्यांवर लोक पेपर छातीवर ठेवून कसे पेंगतात ते बघा, मागची बाग बघा. त्या इमारतीतून घ्यायचं ते हे.

आता माझी चूक सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून आलंय.

माझं पहिलं वाचनालय मी बिघडवलं. साधारण वीस वर्षांपूर्वीची गोष्ट, गावाचं नाव सांगत नाही. रस्ता पश्चिमेला, म्हणून दर्शनी बाजू पश्चिमेला. गावाला आतली वाचणारी माणसं दिसावीत, असा माझा उदात्त विचार, म्हणून तिकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. थ्रीडी व्ह्यू दाखवला तेव्हा बैठकीत टाळ्या पडल्या. उद्घाटन डिसेंबरात झालं, सगळे खूश. एप्रिलमध्ये दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेलो होतो, सहज डोकावलो. दुपारचे चार वाजले होते. काचेवर डोक्याच्या उंचीपर्यंत जुन्या वर्तमानपत्रांची पानं खळीने चिकटवलेली होती, आणि ऊन त्यांतून गाळून पिवळं होऊन आत येत होतं. सगळ्या खुर्च्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात दाटीवाटीने सरकवलेल्या. एका आजोबांनी उघडी छत्री सुतळीने खुर्चीच्या पाठीला बांधली होती आणि तिच्या सावलीत ते शब्दकोडं सोडवत बसले होते. ग्रंथपाल बाईंनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. एवढंच विचारलं, “साहेब, पाऊस सुरू झाला की हे पेपर काढायचे का, की राहू देत?”

तेव्हापासून वाचनालयाचं काम आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता माणूस कुठे बसेल? तुमच्या पत्रात प्लॉटची दिशा दिलेली नाही आणि सगळं तिथेच अडतं. रस्ता कुठल्या बाजूला आहे ते कळल्याशिवाय कुणी तुम्हाला एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजूचं चित्र, दाखवत असेल तर चहा पाजून परत पाठवा.

दिशांचं गणित तसं सोपं आहे. पश्चिमेचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा अडवू शकत नाही. त्या बाजूला जिना, स्वच्छतागृहं, स्टोअर, पाण्याची टाकी अशा गोष्टी ढकलायच्या, म्हणजे त्यांच्या भिंती ऊन खातील आणि वाचक वाचेल. दक्षिणेचं ऊन हिवाळ्यात खाली उतरतं, तिथे दोन-अडीच फुटांचा छज्जा पुरतो. वाचायला सगळ्यात चांगला उजेड उत्तरेचा, स्थिर आणि सावली न पाडणारा. एक बारकावा मात्र पुस्तकांतले नकाशे उतरवणारे विसरतात. तुमचं गाव साधारण १७ अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत भर दुपारचा सूर्य तुमच्या डोक्यावरून उत्तरेकडे कललेला असतो. म्हणून उत्तरेच्या खिडक्यांनाही छोटा छज्जा हवाच. युरोपातल्या चित्रांत तो दिसणार नाही, कारण तिथे त्याची गरज नसते.

काचेच्या बाबतीत देणगीदारांना पॅरिसचा किस्सा सांगा. फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची नवी इमारत १९९६ मध्ये वाचकांसाठी उघडली. चार कोपऱ्यांत उघडलेल्या पुस्तकासारखे चार काचेचे मनोरे, आणि पुस्तकं त्या मनोऱ्यांत. दिसायला कल्पना देखणी. पण पुस्तकांना ऊन सोसत नाही, म्हणून काचेच्या आतून लाकडी झडपा लावाव्या लागल्या. एवढा पैसा आणि एवढी हुशार माणसं असून शेवटी तिथेही काचेला आतून काहीतरी चिकटवावंच लागलं. मला माझी खळ आठवली.

आता पुस्तकांचं वजन. हा भाग कोरडा आहे, पण इथे चुकलात तर शैली बघायला इमारत राहणार नाही. एक मीटर फळीवर साधारण तीस-पस्तीस पुस्तकं बसतात आणि त्यांचं वजन तीस किलोच्या आसपास भरतं. दोन्ही बाजूंनी भरलेला, सात कप्प्यांचा, तीन फूट रुंद रॅक घ्या. पुस्तकांचंच वजन पावणेचारशे किलो, लोखंड वेगळं. घराच्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून आखतात. ग्रंथसाठ्याच्या खोलीला भारतीय मानकाप्रमाणे किमान ६०० किलो धरावे लागतात, आणि रॅक २.२ मीटरपेक्षा उंच असतील तर आणखी. मी दुरुस्त केलेल्या दोन्ही इमारतींत दुखणं हेच होतं. वरचा मजला कार्यालय म्हणून बांधला, नंतर तळमजला भाड्याने दिला आणि पुस्तकं वर चढवली. एके ठिकाणी स्लॅब मधोमध इतकी झुकली होती की खाली ठेवलेली पेन्सिल आपोआप खोलीच्या मध्याकडे घरंगळायची. म्हणून साठा तळमजल्यावर, पक्क्या भरावावर ठेवा. जोतं रस्त्यापेक्षा किमान तीन फूट वर असू द्या. भराव घालतानाच वाळवीची प्रक्रिया करून घ्या, नंतर ती कधीच धड होत नाही.

तीस हजार पुस्तकांना असे ऐंशीच्या आसपास रॅक लागतील. मधल्या वाटांसकट चौदाशे-पंधराशे चौरस फूट. वीस वर्षांची वाढ धरून बावीसशे घ्या. अभ्यासिकेला माणशी पंचवीस चौरस फूट म्हणजे शंभर मुलांना अडीच हजार. दहा गुंठे म्हणजे जवळजवळ १०,९०० चौरस फूट जागा, त्यामुळे तळमजला आणि एक मजला यात तुमचं सगळं ऐसपैस बसतं. अर्थात सामासिक अंतरं (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) आणि पार्किंगचे नियम नगरपरिषदेतून तपासून घ्या. चार मजली इमारतीचं स्वप्न कुणी दाखवत असेल तर लिफ्टचा देखभाल खर्च कोण भरणार, ते विचारा.

जागा काळ्या मातीची आहे का, हेही तुम्ही लिहिलेलं नाही. कृष्णाकाठ असेल तर बहुधा आहेच. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर उथळ पाया घातला की भिंतींना तिरक्या चिरा जातात. दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किंवा कातळ किती खोल आहे ते बघा. मुरूम दहा-बारा फुटांवर असेल तर एस्टिमेटमधला मोठा आकडा जमिनीखालीच जाईल, आणि मग दगडी कमानींचा प्रश्न बराचसा आपोआप मिटेल.

आता ज्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो ती. तुमचे पैसे एकदम येणार आहेत का?

माझा अनुभव असा की तालुक्याच्या वाचनालयाला पैसे कधीच एकरकमी मिळत नाहीत. रुंदीकरणाची भरपाई येते, देणगीदार पहिला हप्ता देतात, आमदार निधीतून एखादी खोली होते, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडे इमारतीसाठी प्रस्ताव जातो आणि त्याची वाट बघण्यात काही काळ जातो. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. त्याखाली मिळणारं परिरक्षण अनुदान पगार, पुस्तकं आणि रोजचा खर्च यांतच संपतं, भिंती त्यातून उभ्या राहत नाहीत. म्हणजे इमारत दोन किंवा तीन टप्प्यांत होणार, हे धरूनच चाला. आणि शैलीचा खरा कस इथे लागतो: अर्धी झालेली इमारत पूर्ण दिसते का?

मधोमध घुमट किंवा भव्य कमान आणि दोन्ही बाजूंना सारखे पंख, अशी सममित रचना घेतली की पहिल्या टप्प्यात फक्त मधला भाग आणि डावा पंख होतो. उजव्या बाजूला दहा-बारा वर्षं गंजक्या सळया आभाळाकडे बघत उभ्या राहतात. अशी वाचनालयं मी पाहिलीत, तुम्हीही पाहिली असतील. काचेच्या पेटीचंही तसंच. पेटी अर्धी बांधता येत नाही. याउलट वाडा घ्या. वाडा खणाखणाने वाढतो; खण म्हणजे दोन खांबांमधला गाळा. पाच खणी घर सात खणी झालं तरी कुणाला काही विचित्र वाटत नाही. कोकणातलं घरही पडवी लांबवत लांबवत मोठं होतं. ग्रंथालयशास्त्राचे पितामह रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रं मांडली, त्यातलं पाचवं म्हणजे ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. मी ते नकाशाच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. परंपरा हवीच असेल तर वाड्यातली महिरप उचलू नका, खण उचला. बारा-तेरा फुटांचा एक खण ठरवा आणि सगळी इमारत त्या मापाने पुढे सरकू द्या. पहिल्या टप्प्यात सहा खण, पुढे नऊ, पैसे आले की बारा. कुठेही थांबलात तरी ती इमारतच दिसेल.

वाड्याचा चौकही मोहात पाडतो, आणि पाडू द्यावा. मधे पंधरा बाय पंधराचा चौक असला की रॅकच्या शेवटच्या ओळीपर्यंत उजेड जातो, उन्हाळ्यात गरम हवा वर निघून जाते. पण उघडा चौक म्हणजे पावसाचं पाणी, आणि त्याहून वाईट म्हणजे पारवे. पारव्यांनी मला जितका त्रास दिलाय तितका कुठल्याही ठेकेदाराने दिला नाही. वरून आच्छादन, बाजूने जाळी आणि पाणी जायला दुप्पट मोठा पाइप, एवढं नसेल तर चौक नको. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांच्या विटांच्या जाळ्यांबद्दलही असंच. तिकडे त्या सुंदर चालतात. तुमच्याकडे मार्च ते मे जी धूळ उडते ती जाळीतून थेट पुस्तकांवर बसेल. जिन्याला, पडवीला जाळी करा. साठ्याच्या खोलीला मात्र झडपा नीट बंद होणारी खिडकीच हवी. बेकर यांची रॅट-ट्रॅप वीटरचना मात्र जरूर विचारात घ्या. विटा उभ्या ठेवून आत पोकळी सोडतात, विटा सुमारे पाव हिश्शाने वाचतात आणि पोकळीमुळे भिंत कमी तापते. अट एकच, गवंड्याला ती येत असली पाहिजे. मी एका कामावर आधी कंपाउंडची भिंत त्या पद्धतीने बांधून घेतली, हात बसल्यावरच इमारतीला हात लावू दिला.

नवं काही करायचंच नाही का, असं मुलं विचारतील. करायचं की. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात कोपरगावच्या शारदा शाळेत २०१८ मध्ये झालेलं माया सोमय्या ग्रंथालय एकदा सगळ्या कार्यकारिणीला घेऊन बघून या. समीप पाडोरा यांच्या चमूचं काम. पातळ विटांचे थर एकावर एक रचून जमिनीतून वर येणारं आणि परत जमिनीत उतरणारं छत केलंय, मुलं त्या छतावर चढून पलीकडे उतरतात. साखर कारखान्यांच्या मुलखात, विटांनीच हे झालंय. ते बघून नक्कल करायला मात्र निघू नका. त्या छताचा आकार संगणकावर काढलेला आहे आणि एक वीट चुकली तर भागत नाही. बघायचं ते एवढ्यासाठी की नवं दिसायला काच लागत नाही, हे देणगीदारांना डोळ्यांनी दिसावं.

दुसरी सहल परवडत असेल तर बडोद्याला जा. सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभं केलं, हे तुम्हाला माहीत असेलच. मांडवीतल्या मध्यवर्ती ग्रंथालयात लोखंडी रॅकचे मजले आहेत आणि मधली जमीन जाड काचेची आहे, म्हणजे वरचा उजेड खालच्या पुस्तकांपर्यंत झिरपतो. मला त्या इमारतीची दर्शनी बाजू आज आठवत नाही. ती हिरवट काच पायाखाली कशी लागली, ते मात्र स्पष्ट आठवतं.

तर इथपर्यंतचं सांगायचं तर: साठा खाली, उजेड उत्तरेचा, पश्चिमेला जिना-स्वच्छतागृहं, आणि खणाखणाने वाढणारी रचना. एवढं ठरलं की दिसण्याचे नव्वद टक्के प्रश्न सुटतात, कारण खिडक्या कुठे आणि किती, भिंत कुठे भरीव, छप्पर किती उंच हे सगळं त्यातून ठरतं. उरलेल्या दहा टक्क्यांत साहित्याची निवड येते. तिथे माझा कल साधा आहे. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंत स्थानिक काळा दगड, खरा, बांधकामातला, चिकटवलेला नव्हे. त्यावर उघडं वीटकाम किंवा गिलावा. विटा चांगल्या भाजलेल्या मिळत असतील तरच उघड्या ठेवा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. एसीपी शीट, म्हणजे दर्शनी भिंतीवर लावतात ते ॲल्युमिनियमचे चकचकीत पत्रे, नको. ती दहा वर्षांत निस्तेज होते, स्वस्तातली पेटते, आणि तुमचं वाचनालय बँक आणि मोबाइल शोरूमच्या रांगेत जाऊन बसतं. रंग देण्याचे पैसे संस्थेकडे किती वर्षांनी जमतात याचा हिशेब खजिनदारांना विचारा. उत्तर बहुधा “अमृतमहोत्सवाला दिला होता” असं येईल. बाहेरची भिंत त्या हिशेबाने निवडा.

मुलांच्या एसीबद्दल. त्यांची मागणी हसण्यावारी नेऊ नका, एमपीएससीचा अभ्यास करणारी मुलं आज बहुतेक वाचनालयांचे सगळ्यात नियमित वाचक आहेत. पण आधी खोली सावलीत आणा, छत बारा फूट उंच ठेवा, गच्चीवर उष्णतारोधक थर द्या किंवा सोलर पॅनेलची सावली पाडा, आणि मग एखाद-दोन खोल्यांना एसीची सोय ठेवा. तापलेल्या खोलीत एसी लावला की वीजबिल भरताना अभ्यासिकेची फी वाढते, आणि ज्यांना तिची खरी गरज आहे ती मुलं आधी गळतात.

अभ्यासिकेला वेगळा जिना द्या, म्हणजे रात्री वाचनालय कुलूपबंद ठेवून ती अकरापर्यंत चालू राहील. हा जिना मागे, बोळात नको. रस्त्यावरून दिसणारा, रात्री उजेड असलेला हवा. मुलींच्या घरच्यांना त्याने जितका धीर येतो तितका सीसीटीव्हीने येत नाही. मुलींचं स्वच्छतागृह त्याच मजल्यावर हवं. आणि रस्त्याच्या बाजूला, पडवीखाली, बसता येईल असा रुंद ओटा करा, सकाळच्या पेपरवाल्यांसाठी. शेजारून एकास बारा उताराचा रॅम्प. रात्री उजळलेला जिना, सकाळी माणसांनी भरलेला ओटा: कार्यकारिणीला हवा असलेला ‘चेहरा’ यातून येतो. नाव विचारलंच कुणी तर सांगा, शैली आमच्या गावची.

देणगीदारांना कसं समजवायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रातला खरा ताण तोच दिसतो. त्यांना काच नको आहे, आपलं नाव दिसायला हवं आहे आणि नाव जुनाट दिसू नये असं वाटतंय. वाचनकक्षाला त्यांचं नाव द्या, दगडात कोरून, ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर येईल असं. वास्तुविशारद निवडताना त्यांना बैठकीला बोलवा आणि प्रत्येक उमेदवाराकडे एलिव्हेशनऐवजी इमारत उभी कापल्यावर दिसणारा छेद मागा, त्यात एप्रिलचं चार वाजताचं ऊन कुठपर्यंत येतं ते काढलेलं असावं. थ्रीडी व्ह्यू कुणीही आठवड्यात करून देतो. हा छेद काढताना मात्र विचार करावा लागतो. चार-पाच उमेदवारांत फरक तिथेच कळेल.

या सगळ्याआधी एक काम मात्र याच महिन्यात करा, कारण ते नंतर होणार नाही. तुमच्या जुन्या इमारतीत सागवानी खांब आणि तुळया असतील, दगडी पायऱ्या असतील, दाराची चौकट आणि कोनशिला असेल. पाडकामाचा ठेका देताना बहुतेक संस्था लाकूडफाटा ठेकेदाराला देऊन टाकतात, त्या बदल्यात तो पाडकाम स्वस्तात करतो. तसं करू नका. प्रत्येक खांबाला, तुळईला, पायरीच्या दगडाला तेलरंगाने नंबर टाका, फोटो काढा, कुठला कुठे होता त्याचा साधा नकाशा करा आणि सगळं एखाद्या कोरड्या गोडाऊनमध्ये, जमिनीपासून उचलून ठेवा. नव्या पडवीला ते खांब लावता येतील, ओट्याला त्याच पायऱ्या येतील. जुन्या मंडळींना जे हेमाडपंथी कमानीतून मिळवायचं आहे ते तिथे खरंखुरं मिळेल. आणि मला प्लॉटची दिशा, खड्ड्यांतला मुरूम किती खोल आहे तो आकडा आणि जुन्या खांबांची लांबी कळवा. खणाची उंची त्या खांबांवरून ठरवता येते का ते मी बघून सांगतो.